गिरणी कामगारांच्या जिवाची काळजी वाहणारे नारायण मेघाजी लोखंडे

दरवर्षी जून महिना आला की आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर एक संदेश येतो. १० जून १८९० रोजी भारतात रविवारची सुट्टी सुरू झाली आणि ती मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी, असे त्यात लिहिलेले असते. संदेश पुढे पाठवला जातो आणि दोन दिवसांत विसरलाही जातो. त्यात थोडी दुरुस्ती हवी. सरकारी कचेऱ्या रविवारी त्याआधीही बंद असत. १० जून १८९० हा दिवस तर मंगळवार होता. त्या मंगळवारी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेने आपल्या कामगारांना आठवड्यातून एक दिवस, म्हणजे रविवारी, सुट्टी देण्याचे ठरवले. ज्यांना सुट्टी हा शब्दच ठाऊक नव्हता अशा हजारो गिरणी कामगारांसाठी तो निर्णय होता.

लोखंड्यांची ओळख एवढ्या एका सुट्टीपुरती उरली आहे, हे मात्र बरे नाही. त्यांनी मागितलेल्या पाच गोष्टींपैकी रविवार ही फक्त एक होती. पाचही मागण्या एकत्र वाचल्या की लक्षात येते की हा माणूस कामगाराच्या शरीराबद्दल बोलत होता. ते थकते, त्याला भूक लागते, यंत्रात सापडून ते जायबंदी होते, आणि ते कामातून गेले की मागे एक कुटुंब उपाशी राहते. कामाच्या जागेची सुरक्षितता हा आज सार्वजनिक आरोग्याचा विषय मानला जातो. मराठी मुलखात हा विषय हातात घेऊन उभे राहिलेल्या पहिल्या माणसांत लोखंड्यांचे नाव घ्यावे लागेल. त्यांचा मृत्यूही लोकांच्या आरोग्यासाठी झटतानाच झाला.

ठाणे ते मांडवी

लोखंड्यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. घरची परिस्थिती बेताची असल्याने शिक्षण शाळेपर्यंतच झाले आणि लवकर नोकरी धरावी लागली. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात काम केल्यावर ते मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले.

स्टोअरकीपरची जागा मोठी मोक्याची. तो साहेब नसतो आणि मागावरचा कामगारही नसतो. गिरणीत काय येते, काय जाते, कोणाचा पगार अडला आहे, कोणत्या खात्यात काल कोणाचा हात पट्ट्यात सापडला, हे सगळे त्याच्या कानावर येते. लिहिता-वाचता येणारा आणि कामगारांच्याच समाजातून आलेला असा माणूस गिरणीत दुर्मीळ होता. पुढे लोखंड्यांनी जे लिहिले आणि मागितले, त्याची शिदोरी त्यांना या नोकरीत मिळाली.

याच सुमारास त्यांचा जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी संबंध आला. १८७३ साली पुण्यात स्थापन झालेल्या या समाजाचे मुंबईतही कार्यकर्ते होते. त्यांत बांधकामाच्या धंद्यातून पुढे आलेली तेलुगू भाषक मंडळीही होती. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधू' हे साप्ताहिक सुरू केले होते, पण ते पैशाअभावी अडले. १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईतून चालवायला घेतले आणि नोकरी सोडून ते पूर्णवेळ संपादक झाले. शेतकरी आणि कामकरी यांची गाऱ्हाणी मांडणारे ते पत्र होते, आणि मुंबईत कामकरी म्हटला की पहिला गिरणी कामगार.

गिरणीच्या आत

मुंबईची पहिली कापड गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळी या भागांत चिमण्यांची रांग उभी राहिली. कोकणातून, घाटावरून माणसे येत राहिली. शेतावर उन्हातान्हात राबलेल्या माणसाला कष्ट नवे नव्हते. नवे होते ते भोंग्याबरोबर चालणे आणि यंत्राच्या गतीला शरीर बांधून घेणे.

विजेचे दिवे गिरण्यांत यायला अजून अवकाश होता, त्यामुळे काम सूर्याच्या हिशेबाने चाले. पहाट फुटली की सुरू आणि अंधार पडला की बंद. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून थोडी सवलत, उन्हाळ्यात मात्र तेरा-चौदा तास. जेवणाची ठरलेली वेळ नसे. कामगार यंत्र चालू असतानाच, शेजाऱ्याला लक्ष ठेवायला सांगून, चार घास पोटात ढकलत. सणावाराला गिरणी बंद असली तरी निम्मा दिवस यंत्रे पुसण्यात जाई.

आतली हवा कशी असे, हे गिरणीत काम केलेल्या घरांना सांगायला नको. कापूस फोडण्याच्या आणि पिंजण्याच्या खात्यात तंतूंची धूळ तरंगत राही आणि श्वासाबरोबर छातीत जाई. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराला आज बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर आले की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, हे त्याचे जुने लक्षण. साचे खात्यात आणि माग खात्यात हवा दमट ठेवावी लागे, कारण कोरड्या हवेत धागा तुटतो. म्हणून खिडक्या बंद. दमट, कोंदट खोलीत शेकडो माणसे, त्यांत कोणाला क्षय असला तर तो पसरायला वेळ लागत नसे. माग खात्यात तर धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घेण्याची रीत होती. तोच धोटा दुसऱ्याच्या हाती गेला की त्याचेही तोंड तिथेच. या उष्ट्या धाग्याचे कारण पुढे करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना माग खात्याबाहेर ठेवत, आणि माग खात्यातच तर पगार जास्त होता. पुढे डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला. आरोग्याला घातक असलेली एक रीत बदलायची सोडून तिच्या आधारे माणसे बाजूला काढली जात होती.

यंत्रांचे धोके वेगळेच. वाफेच्या इंजिनाची शक्ती वर फिरणाऱ्या दांड्यावरून चामड्याच्या पट्ट्यांनी प्रत्येक यंत्राला दिली जाई. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, नाहीतर हाताची बोटे त्या पट्ट्यात किंवा दात्यांत सापडली की इंजिन थांबेपर्यंत जे व्हायचे ते होऊन जाई. लहान मुले चालू यंत्राखाली शिरून कापूस झाडत. हात गेलेल्या कामगाराला दुसऱ्या दिवशी मुकादम ओळखत नसे. त्याच्या जागी दारावर उभा असलेला नवा माणूस आत घेतला जाई.

१८८१ चा कायदा आणि त्याची भोके

या मुलांसाठी कायदा व्हावा म्हणून सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी पुष्कळ खटपट केली. १८७५ साली मुंबईत चौकशी आयोग नेमला गेला, पण त्यातल्या बहुसंख्यांना कायद्याची गरज वाटली नाही. अखेर १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या द्याव्यात, धोकादायक यंत्रांना कुंपण घालावे, अशी त्यातली मुख्य कलमे होती.

आज सात वर्षांचे मूल म्हणजे दुसरीतले. आठ वर्षांच्या मुलाने नऊ तास राबणे या कायद्याला मान्य होते. मोठ्या माणसांचे काय, बायकांचे काय, याबद्दल त्यात अक्षर नव्हते. शंभरांपेक्षा कमी कामगार असलेले कारखाने त्यातून सुटले. वर्षात चार महिन्यांहून अधिक न चालणारे हंगामी कारखानेही सुटले, म्हणजे खानदेशातल्या सरकी काढण्याच्या जिनांनाही मोकळीक मिळाली. कापसाच्या हंगामात तिथल्या बायका पहाटेपासून रात्रीपर्यंत जिनावर बसलेल्या असत.

१८८४ च्या पाच मागण्या

या कायद्याची फेरतपासणी करायला १८८४ साली मुंबई सरकारने दुसरा आयोग नेमला. लोखंड्यांनी ती संधी ओळखली. आयोगापुढे मालक बोलणार, व्यवस्थापक बोलणार, डॉक्टर बोलणार. ज्यांच्याबद्दल हे सारे चालले आहे त्यांचे म्हणणे कोण मांडणार? त्यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत कामगारांच्या दोन सभा घेतल्या आणि एक निवेदन तयार केले. त्यावर ५५०० कामगारांनी सह्या आणि अंगठे केले. 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' या नावाने ते आयोगाकडे गेले.

निवेदनातल्या मागण्या अशा होत्या. प्रत्येक रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास जेवणाची सुट्टी असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. आणि कामावर अपघात झाला तर बरा होईपर्यंत कामगाराला पूर्ण पगार मिळावा. तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

आजच्या नजरेने या मागण्या किती साध्या वाटतात! साडेसहा ते सूर्यास्त म्हणजे उन्हाळ्यात बारा तासांहून अधिकच. आठ तासांचा दिवस त्यांनी मागितलाच नाही, कारण मिळू शकेल तेवढेच मागायचे असे त्यांचे व्यवहारी धोरण असावे. पण शेवटची मागणी मात्र काळाच्या पुढची होती. अपघात झाला तर दोष कामगाराच्या निष्काळजीपणाचा आणि नुकसानही त्याचेच, असे त्या वेळी सर्रास धरले जाई. धोका कामातून येतो, म्हणून त्याची भरपाई काम करवून घेणाऱ्याने केली पाहिजे, हे तत्त्व या मागणीत आहे. हिंदुस्थानात हे तत्त्व कायद्यात यायला १९२३ साल उजाडावे लागले. पगार वेळेवर देण्याचा कायदा तर १९३६ सालचा. पगाराची तारीख हा आरोग्याचा प्रश्न कसा, असे कोणी विचारील. ज्याचा पगार दीड-दोन महिने अडकतो तो वाण्याकडून उधारीवर धान्य घेतो, सावकाराचे व्याज भरतो, ताप अंगावर काढून कामावर येतो. मुंबईच्या चाळीत ही साखळी घरोघर दिसत होती.

सरकारने निवेदन दाखल करून घेतले आणि काहीच केले नाही.

दोन्हीकडून विरोध

लोखंड्यांची वाट सोपी नव्हती. मालकांचा विरोध तर अपेक्षितच होता. अडचण दुसऱ्या बाजूनेही होती. हिंदुस्थानातल्या गिरण्यांवर कायद्याचे निर्बंध यावेत म्हणून मँचेस्टर आणि लँकेशायरचे कापड गिरणीवाले इंग्लंडमध्ये जोर लावत होते. त्यांना मुंबईच्या कामगारांची कणव आली होती असे नाही. मुंबईचे स्वस्त सूत त्यांना बाजारात नकोसे झाले होते. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक देशभक्त पुढाऱ्यांना आणि वृत्तपत्रांना फॅक्टरी कायदा म्हणजे देशी धंदा बुडवण्याचा डाव वाटला. पुण्याची प्रमुख पत्रे या कायद्याच्या विरोधात होती.

या आक्षेपात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. लँकेशायरचा स्वार्थ उघड होता. पण 'दीनबंधू'ने आपली बाजू सोडली नाही. धंदा देशी असला तरी त्यात राबणारी माणसेही देशीच आहेत, आणि परक्याचा हेतू वाईट असला म्हणून कामगाराची थकवा आणणारी पाळी चांगली ठरत नाही, अशा आशयाची ही भूमिका होती. स्वदेशी धंदा वाढावा आणि त्यात माणसाचा बळी जाऊ नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागता येतात, हे लोखंड्यांनी पुढच्या पिढ्यांना दाखवले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मिल हँड्स असोसिएशन ही आजच्या अर्थाने युनियन नव्हती. तिला वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, नियमावली नव्हती. फॅक्टरी कायद्याच्या एका सरकारी अहवालातही तशी नोंद आहे, आणि जो कामगार दारी येईल त्याला लोखंडे सल्ला देतात, इतकेच या संस्थेचे स्वरूप आहे असे त्यात म्हटले आहे. काही अभ्यासक यावरून त्यांना कामगार चळवळीचे जनक म्हणायला तयार नसतात. तरी ज्या काळात कामगाराला अर्ज कसा लिहायचा हे माहीत नव्हते, त्या काळात दारी येईल त्याचा अर्ज लिहून देणारा माणूस असणे ही लहान गोष्ट नाही.

१८९० : रविवार मिळाला

पाच-सहा वर्षे अर्ज-विनंत्या आणि सभा चालू राहिल्या. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तिची विशेष गोष्ट म्हणजे दोन कामगार बायका व्यासपीठावर उभ्या राहून बोलल्या. त्यांची नावे ठळकपणे इतिहासात राहिली नाहीत, पण १८९० साली गिरणीत राबणाऱ्या बाईने हजारो पुरुषांपुढे बोलणे म्हणजे काय असेल याची कल्पना आपण करू शकतो. आठवड्याच्या सुट्टीची गरज बायकांना जास्त होती. पुरुषाचा दिवस गिरणीत संपे, बाईचा चुलीपाशी. लुगडी धुणे, दळण, लेकरांची आंघोळ, आजाऱ्याची सेवा हे सगळे तिला रात्री उरकावे लागे.

सभेने आठवड्याच्या सुट्टीची मागणी मालकांकडे पाठवली आणि दीड महिन्यात, १० जूनला, मालकांच्या संघटनेने ती मान्य केली. रविवारच का, याबद्दल असे सांगतात की तो खंडोबाचा वार म्हणून लोखंड्यांनी त्याचा आग्रह धरला. मराठी घरांत रविवार खंडोबाचा हे तर खरेच. देवाचे कारण असो वा साहेबाच्या कॅलेंडरचे, कामगाराच्या पाठीला एक दिवस जमीन लागली.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने नवा आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष लेथब्रिज हे पेशाने डॉक्टर होते, सोराबजी बंगाली सदस्य होते, आणि मुंबईच्या कामकाजापुरते लोखंड्यांनाही त्यात सामील करून घेण्यात आले. सहा वर्षांपूर्वी ज्याचे निवेदन बाजूला ठेवले गेले, तो माणूस आता साक्षी घेणाऱ्यांच्या बाजूला बसला. या वेळी खुद्द कामगारांना, बायकांनाही, बोलावून विचारले गेले. त्यातून १८९१ चा सुधारित कायदा झाला. मुलांचे किमान वय नऊ झाले आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सात तासांची मर्यादा आली. बायकांसाठी अकरा तासांची मर्यादा आणि मधल्या विश्रांतीची तरतूद झाली. सर्वांना दुपारी अर्धा तास आणि आठवड्याला एक सुट्टी मिळाली. पन्नास कामगारांचे कारखानेही कायद्याच्या कक्षेत आले. पुरुषांच्या तासांना मात्र अजून मर्यादा नव्हती, आणि अपघाताच्या भरपाईचे नावही नव्हते.

याच काळातल्या त्यांच्या इतर कामांची नोंद थोडक्यात करायला हवी. विधवांचे केशवपन करणार नाही असे मुंबईच्या नाभिक मंडळींनी १८९० साली सभा घेऊन ठरवले, त्यामागे लोखंड्यांची प्रेरणा होती. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला तेव्हा त्यांनी राणीच्या बागेत एकोप्याची सभा घेतली. गिरणीत शेजारी-शेजारी उभे राहणारे हात बाहेर एकमेकांवर उठू नयेत, ही तळमळ त्यामागे होती. सरकारने पुढे त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात माणसे ताप येऊन, काखेत आणि जांघेत गाठी होऊन मरू लागली. ही गाठीच्या प्लेगची साथ आहे हे ओळखले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्याच्या हडफडे गावचे. ज्या मांडवीत लोखंड्यांनी नोकरी केली होती, तिथल्या धान्याच्या वखारी आणि दाट वस्ती हे उंदरांचे माहेरघर होते. उंदरांच्या पिसवांतून हा रोग पसरतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. सरकारने गटारे धुतली, घरांत जंतुनाशक फवारले, आजाऱ्यांना जबरदस्तीने इस्पितळात हलवले.

गिरणी कामगारांच्या वस्त्यांत या साथीने कहर केला. कारण उघड होते. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसे, पाळीने झोपणारी. उजेड नाही, वारा नाही, शेजारी उघडे गटार. दिवसभर कोंदट खात्यात राबून आलेले शरीर रात्री अशा खोलीत पडे. गिरणीतली हवा आणि चाळीतली हवा या दोन गोष्टी नव्हत्याच. एका जागी शरीर खंगे आणि दुसऱ्या जागी रोग त्याला गाठे.

इस्पितळाची लोकांना भीती वाटे. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, तिथे जात बाटते, अशा वावड्या उठल्या होत्या. ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजार गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. शहर रिकामे होऊ लागले. लाखो लोक कोकणात आणि देशावर निघून गेले.

लोखंडे गेले नाहीत. त्यांनी आपल्या लोकांसाठी प्लेगचे रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला आणि स्वतः आजाऱ्यांत वावरू लागले. परक्या साहेबाच्या इस्पितळाला भिणारा कामगार ओळखीच्या माणसाच्या शब्दावर उपचाराला येईल, हे त्यांनी जाणले असावे. साथीच्या काळात औषधाइतकाच विश्वास लागतो, हे आपण कोरोनाच्या दिवसांत पुन्हा एकदा पाहिले आहे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा प्रसिद्ध कायदा केला, आणि त्यानंतर पाचच दिवसांनी, ९ फेब्रुवारीला, लोखंड्यांचा प्लेगनेच मृत्यू झाला. त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. सत्यशोधक परंपरेतली ही दोन माणसे एकाच साथीत, एकाच कामात खर्ची पडली.

मागे काय राहिले

लोखंड्यांनंतर 'मिल हँड्स असोसिएशन'चे काम थंडावले. मागण्या मात्र मेल्या नाहीत. गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर कामाचे तास आणखी वाढले, तेव्हा १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ साली आठवड्याला साठ तास ठरले. १९२३ साली अपघात भरपाईचा कायदा आला. १९४६ साली, डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना पुढे नेलेल्या प्रयत्नांतून, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने कामातून होणाऱ्या आजारांची यादीच दिली आणि ते सरकारला कळवणे बंधनकारक केले. त्याच साली कामगार राज्य विम्याचा कायदाही झाला. २००५ साली लोखंड्यांचे टपाल तिकीट निघाले. परळच्या महाराष्ट्र श्रमविज्ञान संस्थेला त्यांचे नाव दिलेले आहे.

आपल्या भागाशी याचा काय संबंध, असे वाटेल. इंदूरही गिरण्यांचे गाव. मुंबईकर 'गिरणी' म्हणतो आणि आपण 'मिल' म्हणतो, एवढाच फरक. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल, कल्याण मिल, स्वदेशी मिल ही नावे आता चौकांना आणि बस थांब्यांना उरली आहेत, पण त्यांच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी अजून आपल्यात आहे. आपल्या काही घरांतले आजोबा तिथे कारकून होते, काही साचे खात्यात होते. त्यांचा खोकला म्हातारपणाचा की कापसाच्या धुळीचा, हे त्या वेळी कोणी विचारले नाही.

आणि लोखंड्यांच्या निवेदनाला बरोबर शंभर वर्षे झाली त्या वर्षी, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री, आपल्या शेजारच्या भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि झोपलेल्या वस्त्यांत शिरला. कारखान्याच्या आतली सुरक्षितता ही बाहेरच्या शहराची सुरक्षितता असते, हे त्या रात्री हजारोंच्या प्राणांची किंमत देऊन कळले. त्यानंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी नवी कलमे आली. मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिलींच्या कारखान्यांत आणि गुजरातेत दगडाची भुकटी करणाऱ्या कारखान्यांत जाणाऱ्या झाबुआ-अलिराजपूरच्या आदिवासी मजुरांत सिलिकोसिसने कितीतरी तरुण गेले. फुप्फुसात एकदा बसलेली दगडाची धूळ निघत नाही, त्यावर इलाज नाही, धूळ नाकात जाऊ न देणे हाच उपाय आहे. म्हणजे इथे डॉक्टरच्या आधी कारखानदाराने आणि निरीक्षकाने काम करायचे असते. १८८४ ची गोष्ट संपलेली नाही.

आपले शहर स्वच्छतेत देशात पहिले आले याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पहाटे रस्ते झाडणारे, कचरा वेगळा करणारे, गटारात उतरणारे हात ते यश मिळवतात. त्या हातांत मोजे आहेत का, तोंडावर मास्क आहे का, त्यांना आठवड्याची सुट्टी आणि वेळेवर पगार मिळतो का, हे पाहणे आपले कर्तव्य आहे. घरी येणाऱ्या मावशींच्या बाबतीत तर हा निर्णय आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे.

येत्या ९ फेब्रुवारीला लोखंड्यांच्या पुण्यतिथीच्या निमित्ताने आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांनी, ज्यांनी मिलमध्ये काम केले किंवा ज्यांच्या घरातले कोणी तिथे होते, त्यांनी आपल्या आठवणी मुलानातवंडांना जरूर सांगाव्यात. किती तास काम असे, जेवण कुठे होई, अपघात झाला तर काय मिळे, छातीचे दुखणे कोणाला होते. मुलांनी त्या वहीत उतरवून ठेवाव्यात.